दोन मीटरांचे अंतर

प्रवासाला निघताना बरोबर काय घ्यावे याची चर्चा प्रत्येक घरात होते; काय नेऊ नये याची चर्चा सहसा होत नाही. गालापागोस द्वीपसमूहाच्या वाटेवर आम्हांला ही दुसरी चर्चा प्रथमच करावी लागली, आणि तीही एका परक्या देशाच्या विमानतळावर, तपासनिसाच्या टेबलासमोर. आमच्या सौभाग्यवतींनी पोटदुखीवरचा हुकमी उपाय म्हणून ओवा आणि बडीशेप यांची एक लहानशी पुरचुंडी इंदूरहून बरोबर घेतली होती. ती उघडण्यात आली, दाणे तळहातावर घेऊन पाहण्यात आले, आणि अत्यंत सौजन्याने, पण तितक्याच निश्चयाने, ती बाजूला ठेवण्यात आली. बी म्हणून जे उगवू शकेल ते बेटांवर जाऊ द्यावयाचे नाही, असा तेथील नियम. "मूठभर ओव्यानं यांचं काय बिघडणार होतं?" असे सौभाग्यवती म्हणाल्या, आणि मनातल्या मनात आम्हीही त्यांच्याच पक्षाचे होतो.

पुढे जे कळले त्याने आमचा हा पक्ष फार काळ टिकला नाही. भारताच्या डोंगराळ मुलखात उगवणारी एक काटेरी रासबेरी १९६०च्या दशकात शेतीसाठी म्हणून या बेटांवर नेली गेली. पक्ष्यांनी तिचे बी दूरदूर पसरविले, आणि आज तेथील दमट उंचवट्यांवरच्या स्कॅलेशिया वृक्षांच्या अरण्यात तिने असे जाळे विणले आहे की त्याखाली मूळ झाडाचे नवे रोप वर येणे दुर्घट झाले आहे. ती नेणाऱ्याच्या मनात वाईट असे काहीच नव्हते. त्याच्याही हातात कदाचित मूठभरच बी असेल.

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून पश्चिमेस सुमारे १,००० किलोमीटरांवर, विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस, ज्वालामुखींनी समुद्रतळातून उभारलेली ही बेटे आहेत. ती कोणत्याही भूखंडाला कधी जोडलेली नव्हती. जे जीव येथे आले ते वाऱ्याबरोबर, लाटांबरोबर, वाहून आलेल्या झाडोऱ्यावर बसून आले. त्यांतले जे जगले ते येथलेच झाले. १९५९ साली इक्वेडोरने येथे राष्ट्रीय उद्यान स्थापिले. भूमीचा सुमारे ९७ टक्के भाग त्याच्या कक्षेत येतो. उरलेल्या भागात पंचवीस हजारांहून अधिक माणसे राहतात. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली, तीत या बेटांचे नाव होते. पाहुण्याने कोठे उतरावे, कोणत्या वाटेने चालावे, एका मार्गदर्शकामागे किती जणांनी असावे, हे सारे येथे नेमून दिलेले आहे.

आमची नौका सोळा प्रवाशांची होती. आम्ही उभयता, मुलगा, सून, तेरा वर्षांची नात आणि नऊ वर्षांचा नातू एवढे आमचे कुटुंब तीत होते. पहिल्याच दिवशी दुपारच्या जेवणानंतर मार्गदर्शक बाईंनी सर्वांना एकत्र बसवून नियम सांगितले. खुणेच्या खांबांपलीकडे पाऊल टाकू नये. काही उचलू नये, काही टाकू नये. खाण्याचा पदार्थ बेटावर नेऊ नये. छायाचित्र घेताना झोतदिवा वापरू नये. आणि कोणत्याही प्राण्यापासून दोन मीटरांच्या आत जाऊ नये. नातवाने हात वर करून विचारले, "आणि तेच जवळ आले तर?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "तर तू हलू नकोस. नियम तुझ्यासाठी आहे. त्यांना तो कोणी शिकवलेला नाही."

तिसऱ्या प्रहरी रबरी होडीतून आम्ही उत्तर सेमूर नावाच्या सुमारे दोन चौरस किलोमीटरांच्या सपाट बेटावर उतरलो. उतरावयाच्या खडकावरच एक समुद्रसिंहीण झोपली होती. आमच्या चाहुलीने तिने एक डोळा उघडला, आणि आमच्यात पाहण्यासारखे काही नाही अशी खात्री झाल्याप्रमाणे पुन्हा मिटला. वाटेच्या कडेला निळ्या पायांचे बूबी पक्षी उघड्या जमिनीवर अंडी उबवीत बसले होते. त्यांतला एक नर मादीसमोर आपले निळे पाय एकामागून एक सावकाश उचलून दाखवीत होता. आम्ही सोळा माणसे शेजारून जात असताही त्याचे लक्ष विचलित झाले नाही. ठेंगण्या झुडपांवर फ्रिगेट पक्ष्यांचे नर गळ्याखालची तांबडीलाल पिशवी फुगवून बसले होते. एक पिवळट रंगाचा भूचर इग्वाना निवडुंगाचे पडलेले फळ खात होता. कोणी पळाले नाही. कोणी फडफडले नाही. आयुष्यभर ज्याच्या येण्याने चिमणी उडते, खार झाडावर चढते आणि मांजरही अंग चोरते, अशा माणसाला हा अनुभव किती गोड वाटतो हे शब्दांत सांगणे कठीण आहे. क्षणभर आम्हांला असे वाटले की आम्ही चांगले आहोत, हे यांनी ओळखले आहे.

हीच ती भूल होय, आणि तिच्याविषयीच आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत.

१५३५ साली पनामाचे बिशप तोमास दे बेर्लांगा यांचे पेरूकडे निघालेले जहाज वारा पडल्यामुळे प्रवाहाबरोबर भरकटत या बेटांशी आले. त्यांनी स्पेनच्या राजाला जे पत्र लिहिले त्यात येथल्या पक्ष्यांचा उल्लेख आहे. हे पक्षी इतके मूर्ख आहेत की पळावे कसे हेच त्यांस ठाऊक नाही, आणि पुष्कळ पक्षी हातानेच धरता आले, असा त्याचा आशय. पुढे तीनशे वर्षांनी, १८३५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, 'बीगल' जहाजातून सव्वीस वर्षांचा चार्ल्स डार्विन येथे आला. एका ससाण्याला त्याने बंदुकीच्या नळीने फांदीवरून ढकलून पाहिले. फ्लोरिआना बेटावर एका विहिरीशी छडी घेऊन बसलेला एक मुलगा त्याला दिसला. पाणी प्यायला येणारे होले आणि फिंच पक्षी तो त्या छडीने मारी, आणि आपल्या जेवणापुरता त्यांचा ढीग त्याने जमविला होता. डार्विनने यावरून जो निष्कर्ष काढला तो मनन करण्याजोगा आहे. माणसाचे भय हा पक्ष्यांचा एक स्वतंत्र संस्कार आहे. कितीही छळ झाला तरी तो एका पक्ष्याच्या अल्प आयुष्यात सहसा अंगी येत नाही. पिढ्यामागून पिढ्या छळ सोसल्यावर तो वंशात उतरतो.

म्हणजे आमच्या अंगणातली चिमणी आम्हांला पाहून उडते तेव्हा तिच्या पूर्वजांनी आमच्याविषयी दिलेली साक्ष ती पाळीत असते. आणि उत्तर सेमूरचा बूबी आमच्यासमोर निश्चिंत बसतो तो त्याच्यापर्यंत ती साक्ष अद्याप पोहोचलेली नाही म्हणून. त्याच्या निर्भयतेत आमचे पुण्य कणभरही नाही. ज्याला आपण विश्वास समजलो तो वस्तुतः अपरिचय होता.

या अपरिचयाचा मोबदला इतर जीवांना काय मिळाला हे इतिहासाला ठाऊक आहे. येथले प्रचंड कासव अन्नपाण्यावाचून कित्येक महिने जगते. हा गुणच त्याचा काळ ठरला, कारण चाचे आणि देवमाशांचे शिकारी यांना ताज्या मांसाचा असा साठा दुसरा नव्हता. 'बीगल'वरही खाण्यासाठी कासवे चढविण्यात आलीच होती. सर्व मिळून एक लक्षाहून अधिक कासवे या बेटांवरून नेली गेली असावीत असा अंदाज आहे. पिंटा बेटावर १९७१ साली एकच नर उरलेला आढळला. त्याला 'लोनसम जॉर्ज' म्हणजे एकाकी जॉर्ज असे नाव मिळाले, आणि २४ जून २०१२ रोजी तो वारला तेव्हा त्याचा वंश त्याच्याबरोबर संपला.

आपल्याकडे अभयदानाची कल्पना फार जुनी आहे. शिबिराजाच्या मांडीवर भ्यालेले कबुतर येऊन पडते, राजा त्याला अभय देतो, आणि पाठोपाठ आलेल्या ससाण्याला स्वतःच्या शरीराचे मांस तराजूत घालून देतो. या कथेतले कबुतर शरण आलेले आहे. त्याने याचना केली आहे, आणि राजाने शब्द दिला आहे. आपली बहुतेक नीती अशा देण्याघेण्यातून उभी राहिली आहे. कोणी मागतो, कोणी देतो. कोणी विश्वास टाकतो, कोणी त्यास जागतो. निदान कोणी कृतज्ञ होतो. उत्तर सेमूरच्या खडकावर यांतले काहीच नव्हते. त्या समुद्रसिंहिणीने आमच्याकडे अभय मागितले नव्हते. आम्ही तिच्यापासून दोन मीटर दूर राहिलो याचे तिला काडीचेही अगत्य नव्हते, आणि राहिलो नसतो तरी तिने आम्हांला दोष दिला नसता. जो आपल्याला ओळखतच नाही, मागत नाही, आभार मानीत नाही, त्याच्या बाबतीत आपले काही कर्तव्य आहे काय? आम्हांस वाटते, आहे, आणि इतर कर्तव्यांहून ते अधिक शुद्ध आहे; कारण ते पाळण्यात लाभ नाही आणि मोडण्यात भय नाही. दोन मीटरांचे ते अंतर म्हणजे न मागता दिलेले अभय होय.

परंतु हा विचार मनात स्थिरावतो न स्थिरावतो तोच नातवाने त्याला धक्का दिला. एका बूबीपाशी दोन पिल्ले होती. एक चांगले थोराड, पांढऱ्या लवेने भरलेले. दुसरे त्याच्या निम्म्याहून लहान, मान टाकून उन्हात पडलेले. मोठे त्याच्या डोक्यावर अधूनमधून चोच मारीत होते, आणि आई स्वस्थ बसून होती. मार्गदर्शक बाईंनी समजावून सांगितले की या पक्ष्यांची अंडी काही दिवसांच्या अंतराने घातली जातात आणि तशीच फुटतात; मासळी मुबलक असली तर दोन्ही पिल्ले जगतात, नसली तर थोरले धाकट्याला मारते किंवा हुसकून लावते, आणि आईबाप मध्ये पडत नाहीत. नातवाच्या हातात पाण्याची बाटली होती. तो म्हणाला, "आजोबा, त्याला थोडं पाणी दिलं तर?" आम्ही नाही म्हणालो. त्याने विचारले, "का?" आणि आम्हांला तत्काळ उत्तर देता आले नाही.

ज्या घरात आम्ही वाढलो तेथे आजी मुंग्यांच्या वारुळाशी पीठसाखर घालीत असे आणि उन्हाळ्यात पाखरांसाठी परळात पाणी ठेवीत असे. नदीवर गेलो की माशांना कणकेच्या गोळ्या टाकावयाच्या हे आम्हांला कोणी शिकविले नाही. ते आम्ही पाहिले. भूतदया म्हणजे काहीतरी देणे, हा आमचा संस्कार. आणि येथे आम्ही त्याच संस्काराच्या मुलाला सांगत होतो की देऊ नकोस. मग दया आणि उदासीनता यांत फरक तो काय राहिला?

वाटेने परतताना आम्हांला शिबिराजाचा ससाणा पुन्हा आठवला. त्या कथेत ससाणा विचारतो, कबुतर वाचविलेस, पण माझ्या भुकेचे काय? हा प्रश्न ऐकून घेणे हेच त्या राजाचे मोठेपण आहे. एका पिल्लाची कणव आली की दुसऱ्याच्या तोंडचा घास आपल्याला दिसेनासा होतो, आणि ज्या टंचाईमुळे हे घडते आहे ती तर आपल्या दृष्टीच्या टापूतच नसते. आमची बाटली त्या क्षणापुरती आमच्या मनाला गारवा देती. पिल्लाला उद्याची मासळी देऊ शकली नसती. नातवाला आम्ही एवढेच सांगितले, "ते आपलं घर नाही, बाळ. तिथला हिशेब आपल्याला कळत नाही." त्याचे समाधान झाले असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसले नाही, आणि ते झाले नाही याचा आम्हांला एका परीने आनंदच वाटला.

खरी अडचण पुढेच होती. नौकेवर परतल्यावर भिंतीवरचा नकाशा पाहता पाहता मार्गदर्शक बाईंनी शेळ्यांची हकीकत सांगितली. पिंटा बेटावर १९५९ साली कोळ्यांनी तीन शेळ्या सोडल्या. पुढेमागे मांसाची सोय व्हावी, एवढाच हेतू. १९७३पर्यंत त्यांची संख्या तीस हजारांवर गेल्याचा अंदाज आहे. अन्य बेटांवरही असेच घडले. शेळ्यांनी रान उघडे केले आणि कासवांची सावली व चारा दोन्ही गेली. अखेर १९९७ ते २००६ या काळात सान्तियागो बेटावर व इसाबेला बेटाच्या उत्तर भागात सुमारे १ लक्ष ४० हजार शेळ्या मारण्यात आल्या, पुष्कळशा हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून. नात म्हणाली, "म्हणजे एका पिल्लाला पाणी द्यायचं नाही, आणि लाख शेळ्या मारायच्या?" टेबलाभोवती कोणी काही बोलले नाही.

या प्रश्नाचे जे उत्तर आम्हांस सुचते ते असे. थोरल्या पिल्लाने धाकट्याला मारावे हा क्रम माणसाने सुरू केलेला नाही. शेळ्या माणसाने आणल्या होत्या. जे आपण केले नाही त्यात हात घालण्याचा अधिकार आपल्याला बेताचाच आहे. जे आपण बिघडविले ते निस्तरण्याचे दायित्व मात्र आपले आहे. ज्या बाल्ट्रा बेटावर आमचे विमान उतरले तेथले भूचर इग्वाना विसाव्या शतकाच्या मध्यास नामशेष झाले. पण त्याआधी, १९३०च्या दशकाच्या आरंभी, हॅन्कॉक यांच्या सफरीतील मंडळींनी त्यांतले सुमारे सत्तर इग्वाना उचलून शेजारच्या उत्तर सेमूरवर सोडले होते, जेथे ते मुळात नव्हते. त्यांच्याच संततीला वाढवून १९९१ साली बाल्ट्रावर पुन्हा वसविण्यात आले. निवडुंगाचे फळ खाताना आम्ही पाहिलेला तो प्राणी अशा एका हस्तक्षेपाचा वंशज होता. तेव्हा हात कधीच लावू नये असा सरसकट सिद्धांत आम्ही मांडीत नाही.

तथापि शेळ्यांची गोष्ट एवढ्याने मिटत नाही. शिबिराजाने तराजूत स्वतःचे मांस घातले होते. येथे तराजूत शेळ्यांचे मांस पडले. अपराध माणसाचा आणि किंमत मुक्या जनावराची. ती शिकार आवश्यक होती असे सर्व हकीकत ऐकल्यावर आम्हांलाही वाटते. परंतु आवश्यक होती म्हणून ती निष्पाप होती असे आम्ही नातीला सांगू शकलो नाही. काही कृत्ये करावीच लागतात आणि करूनही त्यांचा डाग राहतो. तो डाग दिसत राहिला तरच चौथी शेळी सोडण्यापूर्वी माणसाचा हात थबकेल. तपासनिसाच्या टेबलावर राहिलेल्या ओव्याचा अर्थ आम्हांला त्या क्षणी पुरता उमगला. मूठभर बी थांबविणे कठोर दिसते. ते न थांबविल्यास पुढे करावे लागते ते त्याहून कितीतरी कठोर असते.

वाचक येथे विचारतील, आणि त्यांनी विचारावेच, की मग तुम्ही गेलात कशाला? सर्वांत मोठे अंतर तर घरी राहण्यात होते. २०२३ साली सुमारे ३ लक्ष ३० हजार प्रवासी या बेटांवर गेले. आमची नौका तेल जाळीत होती, आणि आमच्यासाठी आणलेल्या अन्नधान्याबरोबर कोणता किडा येईल याची धास्ती तेथील अधिकाऱ्यांना अहोरात्र असते. बहुतेक परदेशी प्रौढांकडून १ ऑगस्ट २०२४पासून २०० डॉलर प्रवेशशुल्क घेतले जाते आणि त्यातून बेटांचे रक्षण होते हे खरे. पण पैसे भरून दोष धुतला जातो ही समजूत आम्हांला मान्य नाही. आमचे उत्तर दुबळे आहे, ते आम्ही तसेच देतो. आम्ही कुतूहलाने गेलो आणि ऋणी होऊन आलो. ज्याने ते पाहिले त्याला आपल्या अंगणातल्या उडून जाणाऱ्या चिमणीकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही. एवढ्याने ऋण फिटते असे नाही.

त्या संध्याकाळी होडीची वाट पाहत आम्ही खडकावर उभे होतो. विषुववृत्तावर संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. सहाच्या सुमारास सूर्य पाण्याला टेकला होता. समुद्रसिंहाचे एक लहानसे पिल्लू खडकांतून फरफटत आले आणि थेट नातवाच्या बुटांशी थांबले. त्याने बूट हुंगले, मिशा त्याच्या पायाला लावल्या, मान वर करून पाहिले. सूनबाईंनी त्याला हाक मारण्यासाठी तोंड उघडले, पण तोवर पोराने आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट गुंफले होते. समुद्रसिंहीण आपले पिल्लू वासावरून आणि आवाजावरून ओळखते, हे दुपारी सांगितलेले त्याच्या ध्यानात होते. तो श्वास रोखून उभा राहिला. पिल्लू कंटाळून निघून गेले. मग त्याने हात सोडविले, तेव्हा बोटांवर बोटांचेच वळ उठले होते.

रात्री नौका पुढल्या बेटाकडे निघाली आणि बरीच हलू लागली. सौभाग्यवतींचे पोट बिघडले. त्या कुशीवर वळून म्हणाल्या, "आत्ता तो ओवा असता तर." आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने अंधारातच त्या पुन्हा म्हणाल्या, "जाऊ द्या. राहिला ते बरंच झालं."